फटफटीची घोडी

माझ्या सासूबाई आपल्या मुलाला नारळ फोडू देत नसत. चाळिशीकडे झुकलेला डॉक्टर मुलगा, पण देवापुढचा नारळ त्या स्वतः फोडायच्या, नाहीतर मला फोडायला लावायच्या. "तुझं बोट चेचलं तर एका हाताने भाकरी थापशील. त्याचं चेचलं तर अडलेल्या बायांनी कुणाकडे बघायचं?" असं मला तोंडावर सांगायच्या. एका हाताने भाकरी थापून दाखवाच एकदा, असं माझ्या अगदी जिभेच्या टोकावर यायचं आणि मी ते गिळायची. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबायचं.

आमचं घर सोलापुरात, नवी पेठेच्या मागच्या अंगाला. पुढच्या खोल्यांत ह्यांचा दवाखाना, मागे आमचं बिऱ्हाड, आणि परसाच्या भिंतीपलीकडे तेलुगू विणकरांची गल्ली. पहाटेपासून मागांचा जो खटका सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. लग्न होऊन आले तेव्हा त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. पुढे इतकी सवय झाली की तो थांबला की काही तरी विसरल्यासारखं व्हायचं.

ह्यांचा उजवा हात म्हणजे घराचं पोट होता. गळू कापणं, मोडलेलं हाड बसवणं, आणि मुख्य म्हणजे अडलेली बाळंतपणं. त्या काळी बाईच्या खोलीत पुरुष डॉक्टर जायचा तो सुईणीने हात टेकल्यावर, म्हणजे पाणी नाकापर्यंत आल्यावरच. तिथे डोक्यातल्या विद्येपेक्षा बोटांतली विद्या कामाला यायची. ह्यांची बोटं लांबसडक, नखं कायम तासलेली. जेवताना सासूबाई ह्यांच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत बसायच्या.

आणि असा हात असलेल्या माणसाला नाद लागला तो फटफटीचा.

विलायतेला परत निघालेल्या कुणा रेल्वेच्या साहेबाकडून ह्यांनी ती घेतली होती. काळी, लांब, आणि इतकी जड की दोघांनी धरली तरी तिसऱ्याची आठवण व्हावी. वाड्यावस्त्यांवर टांगा जायला अर्धा दिवस जायचा, तिथे ही गिरणीच्या सकाळच्या भोंग्याआधी निघून दुपारच्या भोंग्याआधी परत यायची. तिने जीव वाचवलेत, हे मी नाकारत नाही. पण तिचं सारखं काही तरी बिघडायचं, आणि ती दुरुस्त करणारा माणूस त्या वेळी सोलापुरात जवळपास कुणी नव्हता. त्यामुळे हे स्वतःच बाह्या सरसावून तिच्या पोटाखाली हात घालायचे. मी दारातून "अहो" म्हणायची. हे आतून "थांब जरा" म्हणायचे. आमचा अर्धा संसार या दोन शब्दांवर चालला.

एकदा मोहोळच्या वाटेवर तिचा मूळचा लोखंडी स्टँड मोडला. साखळी उतरली होती. ह्यांनी रस्त्याकडेचे धोंडे गोळा करून तिला त्यांच्यावर चढवलं आणि हात आत घातला. धोंडा सरकला. हाड मोडलं नाही हे नशीब, पण हात मनगटापासून बोटांपर्यंत सुजून कणकेच्या गोळ्यासारखा झाला.

त्याच आठवड्यात गिरणीतल्या पट्ट्यात पंजा सापडलेला एक कामगार दवाखान्यात आला. ह्यांना सुई धरता येईना. शेवटी कंपाउंडरने टाके घातले आणि हे शेजारी उभं राहून तोंडाने सांगत होते, "आता इकडून घे, खोल नको, सैल सोड." कंपाउंडर भला माणूस, पण त्याचा हात शिवण्याचा नव्हता. तो कामगार ओरडत होता आणि ह्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी दाराआड उभी होते. आपला नवरा असा हात गळ्यात बांधून उभा आहे आणि समोरचा माणूस त्याच्यावाचून ओरडतो आहे, हे मला बघवेना. मला त्या कामगाराची दया आली आणि ह्यांचा संताप आला, दोन्ही एकदम.

सूज उतरेपर्यंत मी गप्प बसले. उतरली त्या दिवशी फटफटीचे झाडून सगळे पाने आणि पकडी एका डब्यात भरल्या, डबा माझ्या ट्रंकेत टाकला आणि किल्ली कमरेला खोवली.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"तिला नीट उभं करायचं काही तरी आणा. मग पाने मिळतील."

"आणि तोवर काही बिघडलं तर?"

"तोवर टांगे आहेत. घोड्याच्या पोटाखाली हात घालावा लागत नाही."

सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. त्या कधी माझी बाजू घेत नसत. त्या दिवशी नुसतं म्हणाल्या, "किल्ली हरवू नकोस." मला तेवढं पुरे होतं.

सुतार लाकूड कापताना खाली जो तिकटीचा आधार ठेवतो त्याला घोडी म्हणतात. आमच्या घरात फटफटीच्या आधारालाही तेच नाव पडलं. घोडी निवडायची आहे, घोडी निवडायची आहे, असं आठवडाभर चाललेलं ऐकून शेजारणीने मला विचारलं, लग्न कुणाचं आहे?

पहिली घोडी केली ती बैलगाडीच्या चाकांना धावा बसवणाऱ्या लोहाराने. त्याने जीव ओतून काम केलं आणि सगळं लोखंडही ओतलं असावं. ती फटफटीखाली सरकवायलाच दोन गडी लागले. "बाईसाहेब, हत्ती उभा करा हिच्यावर," लोहार म्हणाला. हत्ती उभा राहिलाही असता, पण आमच्याकडे हत्ती नव्हता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तशातली गत. ती परत गेली.

दुसरी बाभळीच्या लाकडाची, गाड्या बांधणाऱ्या सुताराकडची. बुटकी, खाली पसरट, चौरंगासारखी. तिच्यावर चढवली की फटफटीची चाकं जेमतेम जमिनीवरून सुटायची. मला ती आवडली. माझा हिशेब बाईमाणसाचा होता: जे उंच नाही ते पडलं तरी फार पडत नाही. हे तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हिच्यावर फटफटी कसली बसवतेस? सत्यनारायण बसव."

"तोही पावेल तुम्हाला. आधी हात तर शाबूत ठेवा."

"अगं, चाक काढायचं म्हणजे खाली वाकायला जागा नको? हिच्यापुढे मला पालथं पडावं लागेल."

तेही खोटं नव्हतं. आणि तोवर ह्यांचं मन तिसरीवर बसलेलं होतं. नवी पेठेतल्या लोखंडी सामानाच्या दुकानात ह्यांनी तिचं चित्र पाहिलं होतं आणि मला न विचारता मुंबईहून मागवली होती. रेल्वेच्या पार्सलाने ती आली. हिरव्या रंगाची, चार सडपातळ पाय, मधे आट्यांचा दांडा. खाली सरकवायची आणि दांडा फिरवायचा, की एवढी मोठी फटफटी आपोआप वर उचलली जायची. गल्लीतली माणसं भिंतीवरून बघायला आली. मलाही ती देखणी वाटली, पण देखण्या वस्तूवर माझा लगेच विश्वास बसत नाही.

"बघायची कशी तिची ताकद?" मी म्हणाले.

"विलायतेत करतात. बघायचं काय त्यात?"

"विलायतेतल्या बायका विश्वास ठेवत असतील. मी नाही."

मग मी तिची परीक्षा घेतली. दवाखान्यापुढच्या शहाबादी फरशीवर फटफटी त्या हिरव्या घोडीवर चढवायला लावली. दोन्ही अंगांनी ज्वारीची पोती बांधली. सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत ती तशीच ठेवायची, आणि येताजाता प्रत्येकाने तिला धक्का द्यायचा, असं ठरलं. रोगीसुद्धा धक्के देऊन गेले. मी दर कामाआड बाहेर येऊन दोन्ही हातांनी तिला गदागदा हलवत होते. सासूबाई ओट्यावर बसून पहारा करत होत्या.

"लग्नाआधी मला एवढं पारखलं नव्हतंस," हे म्हणाले.

"तेव्हा मला कुणी विचारलं होतं?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रागावल्या होत्या, कळलं नाही.

हिरवी घोडी तसूभर हलली नाही. संध्याकाळी मी कमरेची किल्ली काढून ह्यांच्या हातावर ठेवली. लाकडी घोडी परसात गेली आणि तिच्यावर सुपं ठेवून सासूबाई भुईमुगाच्या शेंगा वाळवू लागल्या.

एवढं होऊनही हे खाली हात घालत तेव्हा माझं लक्ष तिकडेच. काम टाकून मी जवळ जाऊन उभी राहायची. ह्यांना ते आवडत नसे. "तू काय नजरेने धरून ठेवणार आहेस का ती?" म्हणायचे. मी हलत नसे.

नवरात्र आलं. आमच्याकडे खंडेनवमी कडक. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार धुवायचं, पुजायचं आणि विश्रांतीला ठेवायचं. दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. विळीसुद्धा पाटावर जायची, त्यामुळे भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. सासूबाईंच्या माहेरी कुणी तरी खंडेनवमीला कोयता उचलला होता आणि तो त्याच्याच पायावर बसला, ही गोष्ट त्या दरवर्षी सांगत. "त्या दिवशी उचललेलं हत्यार उचलणाऱ्यावर उलटतं," हे शेवटचं वाक्य आम्हाला पाठ होतं.

त्या वर्षी पहिल्यांदा फटफटीची पूजा व्हायची होती. दवाखान्यापुढची फरशी सासूबाईंना पूजेला चालेना. "तिथं रोज रक्त न् पू सांडतो. तिथं रांगोळी काढू?" म्हणून फटफटी परसातल्या पत्र्याच्या शेडमधे नेली. चाकात बाभळीचा काटा गेला होता, ती ढकलतच न्यावी लागली. पूजा म्हणजे आधी अंघोळ. आदल्या दिवशी मी आणि सासूबाईंनी घागरीमागून घागरी ओतून तिला लख्ख केलं, मग जमीन शेणाने सारवली. दुपारच्या उन्हाने सारवण वाळून छान कडक झालं. त्यावर ह्यांनी ती हिरव्या घोडीवर चढवली, मागचं चाक काढलं, पंक्चर जोडलं. चाक बसवणार तेवढ्यात रोगी आले म्हणून हे गेले. सकाळी बसवू म्हणाले. सकाळी उठून बघतात तो पाने पाटावर, त्यांना हळदकुंकू लागलेलं.

"बरं, दसऱ्याला बसवीन," म्हणून हेही अंघोळीला गेले.

पाटावर लाल कापड घातलं होतं. त्यावर ह्यांच्या सुऱ्या, चिमटे, कात्र्या, त्यांच्या शेजारी पाने, माझी विळी, सासूबाईंचा अडकित्ता. फटफटीच्या हँडलला झेंडूची माळ. तिच्या सीटवर विड्याचं पान आणि पानावर गणपतीची सुपारी. काढलेल्या चाकावरसुद्धा सासूबाईंनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. पलीकडच्या गल्लीत मागांचीही पूजा होती, त्यामुळे एकही माग चालत नव्हता. गिरण्याही बंद. सगळं गाव हात बांधून बसल्यासारखं शांत होतं, आणि ती शांतता मला सकाळपासून बोचत होती.

नैवेद्य दाखवून पानं मांडायला घेतली आणि परसाचं दार वाजलं. मोहोळच्या अलीकडच्या एका वाडीवरचा शेतकरी सायकल टाकून आत आला. धोतर धुळीने भरलेलं, तोंडाला कोरड पडलेली.

"डाक्टरसाब हायत का? बहीन अडलीया. कालधरनं. सुईन म्हंती आता माज्या हातात काय न्हाय."

हे पानावरून उठले. टांग्याने तिथे पोचायला संध्याकाळ झाली असती, आणि ते कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. हे शेडच्या दारात जाऊन उभे राहिले. समोर पाट, पाटावर पाने. ह्यांनी एकदा पान्याकडे पाहिलं, एकदा आईकडे.

सासूबाई पाटापुढे बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"आई."

"तुला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "दुसरं कुठलंही हत्यार असतं तर मी बोलले नसते. पण त्या राक्षसिणीच्या पोटात हात घालायचा आणि तोही आज?"

तो शेतकरी मातीत बसला. "माय, गुन्हा पोटात घाला. पर बाई मरंल की."

मला दोघांच्याही वतीने रडू येत होतं. मीच पाना उचलावा म्हणून पुढे झाले. त्याआधी सासूबाईंनी पाटावरच्या अक्षता उचलून कपाळाला लावल्या, डोळे मिटून काही पुटपुटल्या, आणि स्वतःच्या हाताने पाना उचलून ह्यांच्यापुढे धरला.

"मी उचललाय," त्या म्हणाल्या. "उलटायचं असेल तर माझ्यावर उलटेल."

ह्यांनी पाना घेतला, चाक उचललं आणि मागे बसले. मी नेहमीसारखी जवळ उभी राहिले. चाक जागेवर येईना. हे खांद्याने रेटत होते आणि उजवा हात आत घालून आस चाचपत होते. मनगट आत, मग कोपरापर्यंत हात आत. मागांचा खटका चालू असता तर मला काही ऐकूच आलं नसतं. पण त्या दिवशीच्या शांततेत मला खालून एक बारीकसा आवाज आला. पोळीचा पापुद्रा मोडतो ना, तसा. मी खाली पाहिलं तर सारवण जिथल्या तिथे. वर पाहिलं, तर पानावरची सुपारी हलली. थांबली. मग पुन्हा हलली आणि सीटवरून घरंगळायला लागली.

"अरे, हात काढ!"

ते माझ्या तोंडून निघालं. आवाज माझा नव्हता म्हणावं तर माझाच होता. ह्यांनी चोरी पकडलेल्या पोरासारखा हात झटकन बाहेर ओढला, आणि पुढच्या क्षणी ते सगळं धूड धाडकन आडवं झालं. ह्यांच्या शर्टाची बाही खाली सापडून कोपरापर्यंत फाटली. चाक भिंतीवर जाऊन आपटलं. झेंडूची फुलं सगळीकडे उधळली.

हे फाटक्या बाहीनिशी बसून होते. आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हाताकडे पाहिलंच नाही. पाचही बोटं मीच बघून घेतली.

'अहो' म्हटलं असतं तर ह्यांनी 'थांब जरा' म्हटलं असतं. त्या 'जरा'मधे हात गेला असता. पण हे सगळं मला नंतर सुचलं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की सासूसमोर, परक्या माणसासमोर, खंडेनवमीच्या दिवशी मी नवऱ्याला अरेतुरे केलं आहे. माझी पाचावर धारण बसली.

शेतकऱ्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "उलटलं की वो," तो पुटपुटला.

सासूबाई उठल्या. फटफटीच्या कडेने गेल्या, वाकल्या, आणि हिरव्या घोडीचा एक पाय जिथे वीतभर आत गेला होता तिथे बोट घातलं. बोटाला काळा चिखल लागून आला. त्यांनी तो आम्हाला दाखवला.

"उलटलं नाही काही," त्या म्हणाल्या. "इथं माझा अळूचा वाफा होता. न्हाणीचं पाणी वर्षानुवर्षं इथंच मुरतंय. वर मुरूम टाकून ही शेड घातली. आणि काल आपण दोघींनी एवढ्या घागरी ओतल्या."

खरंच होतं. शहाबादी फरशीवर जिला पोत्यांनी हलवलं नाही, ती विलायती घोडी आमच्या सारवणावर उभी होती. वरून वाळलेला पापुद्रा आणि खाली काळ्या मातीचं लोणी. फटफटीची पूजा करायची म्हणून तिला न्हाऊ घालायचं आणि तिच्या पायाखालची जमीन सारवायची, हे आमच्यासारख्या घरालाच सुचणार. मुंबईच्या दुकानदाराला कुणी विचारलं असतं तरी त्याने हे सांगितलं नसतं.

"लाकडी आण," सासूबाई मला म्हणाल्या.

मी परसात धावले. घोडीवरची सुपं तशीच उलटी केली, शेंगा अंगणभर झाल्या. शेतकरी, हे आणि मी, तिघांनी मिळून फटफटी उचलली आणि त्या पसरट बाभळीच्या घोडीवर चढवली. ह्यांनी तिला हलवून पाहिलं. मग मी हलवलं. मग सासूबाईंनी हलवलं. शेतकऱ्यानेही न सांगता एक धक्का दिला. ती रुतली नाही.

आता हात पुन्हा त्याच जागी घालायचा होता.

हे पालथे झाले, तिच्यापुढे तसंच व्हावं लागायचं. हात आत न्यायला पुढे केला आणि थांबले. बोटं थरथरत होती. ह्या हाताला थरथरताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, रक्तामांसात बुडालेला असतानासुद्धा नाही. मला ती घोडी उचलून विहिरीत टाकावीशी वाटली, फटफटीही तिच्यामागोमाग. आणि तिकडे ती बाई कालपासून अडलेली. मी सीटवर तळवा दाबून धरला आणि खाली बसले, म्हणजे ह्यांना माझा हात दिसावा. फटफटी कलली असती तर माझ्या तळव्याने ती थोडीच थांबणार होती. पण ह्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, श्वास सोडला आणि आपला हात आत घातला.

चाक बसलं. ह्यांनी पाटावरची हत्यारं हळदकुंकवासकट पेटीत टाकली, तिकडे उकळून घेतो म्हणाले. शेतकऱ्याने सायकल आमच्याकडेच टाकली आणि मागे बसून ह्यांच्या कमरेला मिठी मारली. फटफटी गल्लीतून गेली तेव्हा तिचा आवाज मोहोळच्या रस्त्याला लागेपर्यंत ऐकू आला. गाव इतकं शांत होतं.

मग आम्ही दोघीच राहिलो. नैवेद्याचं ताट झाकलेलं, पानं मांडलेली, कुणी जेवलं नाही. भोंगाही नव्हता, त्यामुळे किती वेळ गेला हे कळत नव्हतं. त्या वाती वळत होत्या. मी अंगणातल्या शेंगा वेचत होते आणि त्या कधी तोंड उघडतात याची वाट बघत होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. बोलून टाका एकदाचं, असं मला वाटत होतं. नवऱ्याला अरे म्हणणाऱ्या सुनेला काय काय बोलतात ते मी लहानपणापासून ऐकलेलं होतं, आणि उत्तर काय द्यायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं. मधेच ते उत्तर विसरायचं आणि मी रस्त्याकडे कान लावायची. घाईत बसवलेलं चाक, वाटेतले खड्डे, आणि तो थरथरलेला हात. तो हात तिथे गेल्यावर चालेल का?

दिवे लागल्यावर लांबून आवाज आला. माझ्या जिवात जीव आला. सासूबाईंच्या हातातली वात तिथेच राहिली.

हे आत आले, अंगभर धूळ, डोळे लाल. ओट्यावरच बसले. "दोघंही बरी आहेत," म्हणाले. "मुलगी झाली. फार वेळ रडेना, मग रडली."

सासूबाईंनी ह्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि एकेक बोट दाबून पाहिलं. नखांच्या कडेला अजून कुंकू होतं.

"मला वाटलं तूच ओरडलीस, आई," हे म्हणाले. "म्हणून तर काढला."

मी पानं वाढायला आत पळाले.

दुसऱ्या दिवशी दसरा. हिरवी घोडी धुऊनपुसून पुढच्या फरशीवर गेली, तिथे ती शेवटपर्यंत उपयोगी पडली, तिची निंदा मी करणार नाही. पण शेडमधे, आणि बाहेरगावीसुद्धा, बाभळीचीच. सुताराने तशीच एक लहान करून दिली आणि ह्यांनी ती मागे बांधायला सुरुवात केली. सत्यनारायणाचं नाव पुन्हा काढलं नाही.

सकाळी मी चुलीपाशी होते, कढई चढवलेली. घाईत बसवलेलं चाक आता नीट आवळायचं म्हणून हे शेडमधे गेले होते. सासूबाई आपट्याची पानं आणि झेंडूची फुलं घेऊन दारात आल्या. कालपासून त्या माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. मी मान खाली घालून तयारीत राहिले.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "कढई मी बघते. तो हात घालतोय, तू जाऊन जवळ बस."

मी हात पुसत उठले. उंबऱ्याशी पोचले तेव्हा त्यांनी कढईवरची नजर न काढता मला हाक मारली.

"आणि वेळ आली तर अहो-बिहो करत बसू नकोस."